साडूने काढलेला फिल्टर

माझ्या धाकट्या साडूने मला फसवलं. माझ्या गाडीच्या इंजिनाचा हवेचा फिल्टर त्याने स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवला, पाइपचं तोंड उघडं असतानाच इंजिन सुरू केलं, आत हळद गेली, ती गेल्याचं त्याला नंतर कळलं, आणि तरीही पुढचे कित्येक महिने तो मला आणि सगळ्या सासरवाडीला सांगत राहिला की दोष माझ्या पेट्रोलचा आहे. शेवटी तो दोष आमच्या सासूबाईंच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि हा गृहस्थ समोर बसून जेवत राहिला.

मुद्दा आधीच सांगून टाकला. धंद्यातही मी भाव आधी सांगतो, माल नंतर दाखवतो. आता माल बघा.

मी देशावरून आलेला माणूस. वसईला उतरलो तेव्हा दुसऱ्याच्या पॉवर प्रेसवर उभा राहत होतो. आज सातिवलीला माझा स्वतःचा गाळा आहे आणि त्यात दाराच्या बिजागऱ्या तयार होतात. वसई-विरारच्या निम्म्या इमारतींतली दारं माझ्या बिजागऱ्यांवर लटकतात. त्यातली निम्मी करकरतात, असं माझा साडू चारचौघांत म्हणतो. वारसा म्हणून मला फक्त तापट डोकं मिळालं आणि ते मी गंजू दिलेलं नाही.

वयाची पन्नाशी आली की आमच्या सोसायटीतली माणसं सकाळी गच्चीवर जमून हसण्याचा व्यायाम करतात. मी गाडीला सुपरचार्जर बसवून घेतला. इंजिन एरवी आपल्या श्वासाने ओढेल तेवढीच हवा घेतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक दांडगा पंखा. तो हवा आत कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त घालता येतं आणि तेच इंजिन अंगात आल्यासारखं धावतं. तेवढ्याच मालातून जास्त काढायचं, हे तत्त्व मला लगेच पटलं, कारण माझा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

यात अट एकच असते. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण बिघडता कामा नये. पेट्रोल जास्त झालं तर वास येतो, धूर येतो, प्लग काळे होतात. गाडी कुरकुरते पण जगते. पेट्रोल कमी पडलं तर आतली आग भलतीच तापते, इंजिन ठोके द्यायला लागतं, आणि तसंच दामटत राहिलं तर पिस्टन वितळतो. वितळलेला पिस्टन फोन करून कळवत नाही.

हे काम मी साडूला दिलं. गोखिवऱ्याला, गाद्या भरणाऱ्याचं दुकान आणि वेल्डिंगवाला यांच्यामध्ये त्याचं गॅरेज आहे. तो गॅरेज म्हणत नाही, स्टुडिओ म्हणतो. आत निळे दिवे आहेत. काळे रबरी हातमोजे घालून तो लॅपटॉपवर टाइप करतो. ऑपरेशन चाललंय असं वाटावं. शेजारच्या गादीवाल्याचा कापूस उडत येऊन त्या लॅपटॉपवर बसतो, तो फुंकर मारतो आणि पुढे टाइप करतो. माणूस बोलायला गोड. माझी मेहुणी त्याला भुलली याचं मला कधी आश्चर्य वाटलं नाही. मी भुललो याचं मात्र अजून वाटतं.

भाव ठरवताना मी घासाघीस केली, हे तो सगळ्यांना सांगतो. केली. मी कोथिंबिरीच्या जुडीवरही करतो. घासाघीस केली म्हणजे समोरच्याला काम बिघडवायचा परवाना मिळाला, असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि खोटं कशाला बोलू, काम त्याने आधी चांगलं केलं होतं. गाडी हातात आली तेव्हा हायवेवर शिरसाडच्या पुढे मी पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. मला तरुण वाटलं. बायको म्हणाली, "पुढच्या वेळेला मला रिक्षाने पाठवा."

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. माझ्या गाळ्यात प्रेसला हार, वजनकाट्याला हार, जुन्या ग्राइंडरलाही हार. साडूने ठरवलं की त्याच्या स्टुडिओतली पूजा माझ्या गाडीची करायची, आणि हळदीकुंकू सासूबाईंच्या हातून वाहायचं. त्या वसईगावाकडच्या वाडीत राहतात. सोनचाफ्याची झाडं त्यांच्या दारात आहेत. परडीभर चाफा घेऊन त्या मुलाच्या स्कूटरवरून आल्या.

मी पोहोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि हवेचा फिल्टर बाजूच्या स्टुलावर ठेवलेला होता.

"हा कशाला काढलात?" मी विचारलं.

"साडूभाऊ, व्हिडिओ करायचाय. प्लॅस्टिकचा काळा डबा दिसला तर लोक हसतात. आतलं ॲल्युमिनियम चमकलं पाहिजे."

"पूजा देवाची आहे का लोकांची?"

"देवाला सगळं दिसतंच हो. फॉलोअर्सना दाखवावं लागतं. पूजा झाली की लगेच लावतो."

सासूबाई ताट घेऊन इंजिनापुढे उभ्या राहिल्या आणि गोंधळल्या. गाय असती, नांगर असता, तर त्यांना सांगावं लागलं नसतं. "ह्याचं कपाळ कुठं?" त्या म्हणाल्या. "कुनाला लावू?"

साडूने बोट दाखवलं. "इथे आई, या पाइपच्या तोंडापाशी. इथे छान दिसतं."

त्यांनी तिथे बोटं टेकली, हळद लावली, कुंकू लावलं, चाफा ठेवला, आणि पद्धतीप्रमाणे दोन्हींची चिमूट वरून वाहिली. मी तेव्हा पुढच्या चाकापाशी वाकून नारळ फोडत होतो. त्याच क्षणी या महाशयांनी इंजिन सुरू केलं, आणि नुसतं सुरू नाही, व्हिडिओत आवाज यावा म्हणून रेस केलं. सुपरचार्जरने जे समोर होतं ते ओढलं. मी वळून पाहिलं तेव्हा पाइपच्या तोंडावरचा रंग फिकट झाला होता आणि मेहुणी टाळ्या वाजवत होती.

"बघा, देवीने घेतलं," ती म्हणाली.

सगळे खूश झाले. पेढे वाटले गेले. मी बारीक निरीक्षण करणारा माणूस, पण त्या दिवशी माझं लक्ष पेढ्यांच्या आकारावर होतं. ते फारच लहान होते.

दिवाळीनंतर गाडी बिघडली. नुसती उभी असली की मागून पेट्रोलचा वास यायचा, आणि मनोरकडच्या चढावर पाय दाबला की आतून पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज. डॅशबोर्डवर साडूनेच एक काटा बसवून दिला होता, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा. उभ्या गाडीत तो सांगायचा की पेट्रोल जास्त आहे. चढावर सांगायचा की पेट्रोल कमी आहे.

मी गाडी गोखिवऱ्याला नेली. साडूने लॅपटॉप लावला, हातमोजे चढवले, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेट्रोल कुठे भरता?"

"हायवेच्या पंपावर. तुम्ही भरता तिथेच."

"सकाळी का संध्याकाळी?"

"त्याने काय होतं?"

"काही नाही, विचारलं. भेसळ असते हो हल्ली. सुपरचार्जरला कमी दर्जाचं चालत नाही. तुम्ही जरा हात सैल सोडा."

शेवटचं वाक्य त्याने नुसतं मला सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे हिशेब मिटवला असता. त्याने ते मेहुणीला सांगितलं, मेहुणीने माझ्या बायकोला, आणि आठवडा व्हायच्या आत सगळ्या वाडीला माहीत झालं की थोरले जावई कुठूनतरी स्वस्तातलं पेट्रोल आणतात आणि म्हणून गाडी ठोके देते. आता पेट्रोल हा या देशातला एकमेव माल आहे ज्यावर मला आजवर कधी एक पैसा कमी करून मिळालेला नाही. प्रयत्न केलेला आहे.

मी पंपावरून पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं, गाळ्यात दाराबाहेर सावलीत ठेवलं आणि सकाळी पाहिलं. तळाला पाणी नाही, गाळ नाही, रंग स्वच्छ. बरणी घेऊन साडूकडे गेलो. त्याने ती दिव्याकडे धरली, हलवली आणि म्हणाला, "दिसायला ठीक आहे." मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या बापाने म्हणावं तसं.

मग तो म्हणाला, पेट्रोलचा पंप कमजोर असेल. नवा बसवला. चणे तसेच. मग म्हणाला, वसईची हवा खारी, वायरिंग खाते. मग म्हणाला, तुमचा पाय जड आहे. एकदा तर म्हणाला, "गाडीला तुमची सवय व्हायला वेळ लागेल." जणू मी नवी नवरी आणली होती. आणि सगळ्यात शेवटी त्याने तो प्रमाण दाखवणारा काटाच काढून टाकला.

"हा तुम्हाला उगीच घाबरवतो," तो म्हणाला.

मला हा उपाय फार आवडला. उद्या माझ्या गाळ्याचं विजेचं बिल जास्त आलं तर मी मीटर काढून खिशात ठेवीन.

त्या दिवसापासून मी स्वतः शोधायचं ठरवलं. मला इंजिनाचं शिक्षण नाही, पण प्रेसवर आयुष्य गेलंय. यंत्र खोटं बोलत नाही आणि यंत्राजवळची माणसं बोलतात, एवढं कळतं. आधी नळ्या पाहिल्या. सुपरचार्जरच्या पुढे कुठे भोक असेल तर हवा निसटते किंवा चोरून आत शिरते. गाळ्यातल्या कॉम्प्रेसरने नळ्यांत अगदी हलकी हवा भरली आणि पंक्चरवाला करतो तसं प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. मग पेट्रोलच्या लाइनवर दाबाचा काटा लावला, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून काटा समोरच्या काचेवर चिकटपट्टीने बसवला आणि चढ चढलो. दाब जागचा हलला नाही. म्हणजे नवा पंप ठीक होता, जुनाही ठीकच असणार, पण तो साडूने "टाकून दिला."

मग मी गाडीला लावायचा छोटा स्कॅनर आणला. तो फोनवर आकडे दाखवतो. गाडीचा कॉम्प्युटर एका ठरावीक अंदाजाने पेट्रोल सोडतो आणि मागून सायलेन्सरकडचा सेन्सर त्याला सांगतो की कमी पडलं की जास्त झालं. मग तो दुरुस्ती करतो. अधिक आकडा म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, वजा म्हणजे कमी करावं लागतंय. गाडी चालवताना फोनकडे बघता येत नाही, म्हणून बायकोला शेजारी बसवलं. ती यायला तयार नव्हती. तिचा तोवर पूर्ण विश्वास बसला होता की मी पेट्रोलात काहीतरी केलंय.

"फक्त वाच," मी म्हणालो. "मत देऊ नकोस."

"मत द्यायला मला कोण विचारतं? वजा आहे."

"उभी आहे म्हणून वजा. आता निघालो. आता?"

"वजा कमी झालं. थांबा. आता अधिक."

"किती?"

"तो आकडा पळतोय, मी त्याच्यामागे पळू का?"

"चढ आला. आता बघ."

"अधिक. अजून अधिक. अहो, आणि हा आवाज काय येतोय?"

"चणे."

ती फोनवरचा आकडा बघत राहिली. मग विरार फाट्याच्या आसपास म्हणाली, "पेट्रोल खराब असतं तर उभ्या गाडीत वेगळं आणि चढावर वेगळं कसं दाखवेल? पेट्रोल तर एकाच टाकीतलं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. मी तिला शिरसाडला वडापाव खायला घातला आणि वडापाववाल्याशी भावावरून भांडलो नाही.

ती म्हणाली त्यातच सगळं होतं. पंप कमजोर असता तर उभ्या गाडीत काहीच तक्रार नसती, कारण तिथे पेट्रोल लागतंच कितीसं. नळी फुटली असती तर आकडे याच्या उलट आले असते. उभ्या गाडीत जास्त पेट्रोल आणि जोरात असताना कमी, या दोन तक्रारी दोन रोगांच्या वाटतात, पण रोग एकच. मला एक भंगारवाला आठवला ज्याचा काटा थोड्या मालाला जास्त वजन दाखवायचा आणि भरपूर मालाला कमी. दोष मालात नव्हता, तोलणाऱ्यात होता. माझ्या गाडीत हवा तोलणारा कोण?

फिल्टरच्या लगेच मागे, पाइपमध्ये एक सेन्सर असतो. त्यात केसासारखी बारीक तार, सतत तापवलेली. हवा तिच्यावरून गेली की ती थंड होते, आणि ती किती थंड झाली यावरून कॉम्प्युटर ठरवतो की हवा किती आली आणि पेट्रोल किती सोडायचं. त्या तारेवर काही बसलं की तिचा हिशेब बिघडतो. थोड्या हवेला ती जास्त समजते. जोराचा वारा आला की तिच्या अंगावरची रजई तिला गार होऊ देत नाही, आणि ती कॉम्प्युटरला सांगते, हवा फार नाही, पेट्रोल बेताचंच सोड. चढावर, सुपरचार्जर जीव तोडून हवा कोंबत असताना, इंजिन उपाशी.

मी गाळ्यात गाडी आणली आणि सेन्सर काढायला गेलो. तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती स्क्रूची डोकी. त्यांवर स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचे ताजे ओरखडे होते. एरवी हा सेन्सर कुणी उघडत नाही. मी तर उघडला नव्हताच.

बाहेर काढला. तारेच्या पुढच्या अंगाला पिवळसर, चिकट, वाळलेला लेप. मागच्या कोपऱ्यात, जिथे बोट पोहोचत नाही, तिथे स्वच्छ, कोरडी हळद आणि कुंकवाचा एक कण. आणि तारेला अडकलेले कापसाचे धागे.

मी खुर्ची ओढून बसलो. मला राग यायला एरवी वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला, कारण मी एकेक गोष्ट जुळवत होतो. हळद खंडेनवमीला गेली. ती तशीच कोरडी असती तर कदाचित निम्मी उडूनही गेली असती. पण कुणीतरी सेन्सर उघडला, पिवळं पाहिलं, आणि त्या तारेसाठी असलेला स्प्रे वापरायच्या ऐवजी कापसाने पुसलं. धूळ धरायला फिल्टरला लावतात ते तेल आणि हळद एकत्र होऊन त्याचा लेप झाला, जसा लग्नात लावतात. तेव्हा त्या माणसाला कळलं होतं. कळल्यावर त्याने स्क्रू लावले आणि मला विचारलं, पेट्रोल कुठे भरता.

कापूस कुठला, हे मी शोधायला गेलो नाही. गोखिवऱ्याला त्या स्टुडिओत तो हवेतच असतो.

मग मी साडूचा तो व्हिडिओ पाहिला, जो त्याने मोठ्या अभिमानाने सगळ्या जगाला दाखवला होता. त्यात स्पष्ट दिसतं. सासूबाईंचा हात बाजूला होतो, इंजिन गर्जतं, आणि पिवळा-लाल धूर सरळ पाइपच्या तोंडात शिरतो. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली आहेत.

सेन्सर मी त्याच्या खास स्प्रेने धुतला, वाळवला, लावला. बायकोने पुन्हा आकडे वाचले. उभ्या गाडीत आणि चढावर, दोन्हीकडे शून्याच्या जवळ. चणे थांबले. पण प्लग काढले तेव्हा एकावर ॲल्युमिनियमचे बारीक, चकचकीत ठिपके होते. ॲल्युमिनियम प्लगचं नसतं, पिस्टनचं असतं. भोकातून छोटा कॅमेरा घालून पाहिलं तर एका पिस्टनची कड उंदराने पापड कुरतडावा तशी झाली होती. इंजिन उघडावं लागणार.

रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना वाडीवर जेवायला बोलावलं होतं. मी ठरवून गेलो. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुकटाची चटणी होती. साडू माझ्या समोर बसला होता आणि मेहुण्याला सांगत होता की हल्ली लोक चांगल्या गाड्या घेतात पण त्यांना खायला घालत नाहीत.

मी सेन्सरचा फोटो काढून ठेवला होता. फोन ताटाशेजारी ठेवला. "हे काय आहे, सांगा."

त्याने पाहिलं. चेहऱ्यावरचं काही हललं नाही. यात तो माझ्यापेक्षा हुशार आहे. "हळद दिसतेय."

"कुठे आहे?"

"सेन्सरवर. पण साडूभाऊ, हळदीने काय होतं? हळद औषधी असते."

मेहुणा हसला. मी बोललो. फिल्टर कुणी काढला ते बोललो, इंजिन कुणी रेस केलं ते बोललो, ओरखड्यांचं आणि कापसाचं बोललो. आवाज चढला असेल; बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, म्हणजे चढलाच होता.

साडूने भाकरीचा तुकडा मोडला. "बरं," तो म्हणाला, "भांडण नको. थोडं पेट्रोल, थोडी हळद. अर्धी चूक तुमची धरू, अर्धी माझी. झालं?"

जन्मभर मी भाव पाडत आलोय. समोरच्याने अर्ध्यावर येतो म्हटलं की मला पोटातून बरं वाटतं. पण इथे सगळी चूक त्याची होती, आणि त्यातली अर्धी माझ्या अंगावर टाकून ती तो मला सवलत म्हणून देत होता.

"माझी चूक कुठली?" मी विचारलं. "मी नारळ फोडला ती?"

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण फिल्टर, सेन्सर, रेस यातलं काहीच त्यांना कळलं नव्हतं. कळलं होतं ते एवढंच की हळद आत गेली आणि जावयाची गाडी बिघडली.

"मंग माझ्यामुळंच झालं ना," त्या म्हणाल्या. "हळद तर मीच लावली. त्यांना कशाला बोलता? मला बोला."

"आई, तुम्ही नाही," मी म्हणालो. "तुम्हाला जिथे सांगितलं तिथे तुम्ही लावली."

"लावली मीच ना."

मी साडूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. आई, फिल्टर मी काढला होता, जागा मी दाखवली. त्याला गोड बोलता येतं. एवढं तर त्याला सहज जमलं असतं. त्याने सासूबाईंकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ द्या आई. तुम्हाला काय माहीत. मनाला लावून घेऊ नका." आणि चटणी वाढून घेतली.

म्हणजे त्याने त्यांना माफ केलं. माझ्या पिस्टनबद्दल, माझ्या देखत, त्यांच्याच घरात, त्यांचीच भाकरी खात.

मी ताटावरून उठलो. मेहुणी नंतर म्हणाली की मी अन्नाचा अपमान केला. असेल.

त्यानंतर काही दिवसांनी मी गाळ्यासाठी टेम्पो घेतला. सासूबाईंना आणायला बायको गेली. त्या आल्या, चाफा घेऊन आल्या, पण टेम्पोपुढे उभ्या राहिल्या आणि ताट बायकोच्या हातात दिलं.

"तू लाव," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला काय आहे कोन जाने. यंत्राला सोसत नाय."

"आई, तसं काही नसतं," बायको म्हणाली.

"त्यांची गाडी बिघडली ना. जावई बोलले पन नाहीत मला, एवढे चांगले." हे चांगले जावई म्हणजे साडू.

मी त्यांना सेन्सर समजावायचा प्रयत्न केला. तार, हवा, लेप, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लांबच उभ्या राहिल्या. वयाने वाकलेली बाई, आयुष्यभर नांगराला, विहिरीच्या पंपाला, मुलांच्या सायकलींना हळद लावत आली. आता स्वतःच्या हाताला घाबरते. मी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही, कारण मी तक्रार करणारा आहे. माझं बोलणं त्यांच्या लेखी समजूत घालणं आहे.

हे बोलणं एकाच माणसाच्या तोंडून खरं होऊ शकतं. मी त्याला दोनदा निरोप पाठवला. पहिल्या वेळी उत्तर आलं की गाडी घेऊन या, नव्याने ट्यूनिंग करून देतो, घरचा भाव. दुसऱ्या वेळी मेहुणीने कळवलं की तो फार बिझी आहे आणि मी जुनं उकरून काढतोय. सासरवाडीतल्या मोठ्यांनाही सांगून पाहिलं. ते म्हणतात, साडू-साडूत असं चालायचंच, एका इंजिनावरून नातं तोडू नका. नातं मी तोडत नाही. मला इंजिनही नको आहे. पिस्टन मी माझ्या पैशाने बदलतोय, दुसरीकडे, आणि तिथेही घासाघीस केली आहे.

साडूबुवा, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी पोहोचवेलच. पोहोचवणारी माणसं तुमच्याकडे भरपूर आहेत. वाडीवर जा. आईंच्या समोर बसा, ताट वाढायच्या आधी. त्यांना सांगा की फिल्टर मी काढला, बोट मी दाखवलं, चावी मी फिरवली, आणि पिवळी तार पाहून मी गप्प बसलो. त्या म्हणतील, जाऊ द्या. तुम्ही जाऊ देऊ नका. त्यांच्या हातात काही दोष नाही, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू येईपर्यंत उठू नका. नसेल जमत, तर का जमत नाही, याचं उत्तर त्यांना द्या. मला नको, त्यांना द्या.